गुडघा वर करून बसलेली भुलाबाई

बाई, गेल्या आठवड्यात मी मातीत पाणी जास्त घातलं. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "भुलाबाई करून राह्यली का पिठलं?" मी चिडले असते, हात धुऊन चुलीकडे निघून गेले असते, आणि थोड्या वेळानं मुकाट्यानं परत येऊन तुमच्या शेजारी बसले असते. त्या दिवशी चिडवायला कोणी नव्हतं, म्हणून तशीच बसून राहिले. उन्हानं माती संध्याकाळपर्यंत घट्ट झाली.

रिठदच्या या घरात मी धाकटी सून होऊन आले तेव्हा तुम्ही थोरल्या सून म्हणून इथं आधीपासून होतात. सासूला, म्हणजे आत्याबाईंना, मी भ्यायचे. तुम्हाला नाही. आषाढात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात, तेव्हापासून भेटायला येणाऱ्या बाया डोळ्याला पदर लावून म्हणतात, "जावाजावात एवढी माया कोठी राह्यते वं!" मला राग येतो. माया वगैरे त्यांनी ठरवायचं कारण नाही. आपण भांडायचो. या घरात मला भांडता येईल असं एकच माणूस होतं, ते तुम्ही. त्यासाठी मी तुमची किती ऋणी आहे, ते या बायांना सांगून कळायचं नाही.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खिरापत कशाची आहे ते ओळखतात. गावातल्या बाकी घरी भुलाबाई कुंभाराकडून येते. ती आणि तिचे भुलोजी, दोघंही मांडी घालून, फोटो काढायला बसवल्यासारखे समोर बघत. आपल्या घरची मात्र तुम्ही हातानं करायच्या. मानमोडीच्या साथीत तुमचे आईवडील गेले तेव्हा तुम्ही रांगत होतात. शेलूबाजारच्या काकांनी वाढवलं, पण पोरीसाठी भुलाबाई आणावी हे त्या घरात कोणाला सुचलं नाही. मग तुम्ही गोठ्यामागची माती कालवून आपली आपणच केलीत. हे तुम्ही मला हसत हसत सांगितलं होतं, भाकरी थापता थापता.

लग्न झालं आणि काकांकडचं बोलावणं कधी आलंच नाही. दिवाळीत मी केनवडला माहेरी निघाले की माझी पिशवी तुम्ही भरायच्या. गाडी वळेपर्यंत दारात उभ्या असायच्या आणि मागून ओरडायच्या, "लवकर नोको येऊ!" दुसरी कोणी असती तर मनात कुढली असती. तुम्ही पिशवीत एक लाडू जास्तच घालायच्या.

नागपूरचं जाणं आठवतं ना? माझ्या भावाला तिथं नोकरी लागली होती, त्याला मुलगा झाला, आणि बारशाचं बोलावणं आलं. नागपूर तेव्हा राजधानी होतं, म्हणून मला जास्तच मिरवायचं होतं. मुगाउडदाच्या खळ्यातून पुरुषांना सवड नव्हती. तेव्हा आत्याबाईंनी माझ्यासोबत तुम्हाला धाडलं, आणि गाडीत बसताना बजावलं, "दोघी जा, दोघी या. मधात कोठी बसू नोका." वाशीमपर्यंत बैलगाडी, तिथून अकोल्यापर्यंत छोटी रेल्वे, पुढं मोठी. छोट्या रेल्वेत तुम्ही उभ्याच. म्हणालात, "सासूनं बसू नोका म्हनलं हाये." सगळा डबा हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारसं झाल्यावर भाऊ आपल्याला अजायबखान्यात घेऊन गेला. "बघत बसा, मी कचेरीत डोकावून येतो," म्हणून तो सटकला. भुसा भरलेला वाघ आपण बघितला, तलवारी बघितल्या, कसलेसे दगड बघितले. दगडांशी तुम्ही थांबायलाही तयार नव्हत्या. मग ती आतली खोली आली. चीन, जपान, ब्रह्मदेश असल्या दूरदूरच्या मुलखांतल्या वस्तू तिथं ठेवल्यात, हे भावानं आधी सांगितलं होतं. तिथं तुम्ही ज्या थांबलात त्या थांबलातच. जपानी पडद्यावर एक बगळा होता. त्याच्याकडे बघत तुम्ही हवेत बोट फिरवलंत आणि म्हणालात, "पाह्य वं विमल, एका दमात काढला यानं. मधात हात उचललाच नाई." मला तो नुसता बगळा दिसत होता. तुमच्या बोटामागून बघितल्यावर ती पाठीवरून पायापर्यंत उतरणारी एकच रेघ दिसली. अजून नदीवर बगळा दिसला की मी आधी ती रेघ शोधते. असं बघायला मला तुम्ही त्या दिवशी शिकवलंत.

आणि मग ते काचेचं कपाट. आत एक देवी, वीतभर उंच असेल, चिनी मातीची, दुधासारखी पांढरीशुभ्र. मांडीवर लेकरू. एक पाय दुमडलेला आणि दुसऱ्या पायाचा गुडघा वर उभा. त्या गुडघ्यावर हात असा सैल सोडलेला, जसं काही दिवसभराचं काम आटोपून बाई आत्ताच टेकली आहे.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "हे तं भुलाबाई हाये!"

"बाई, चीनची हाये ते," मी म्हटलं.

"असन. चीनच्या पोरीले माहेर नसते का?"

"मंग भुलोजी कोठी हायेत?"

मला वाटलं, आता पेचात पकडलं. तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलंत. "अवं, तेच तं! नवरा जोळ नाई, लेकरू मांडीवर, अन् गुडघा वर करून बसली. सासरी कोन बसन असं? माहेरी आली हाये ते."

तुम्ही सरळ खाली फरशीवर बसलात, पदर डोक्यावरून नीट घेऊन, कपाटाला हात जोडून. आणि हळू आवाजात भुलाबाईचं गाणं सुरू केलंत. महिनाच भुलाबाईचा होता, गाणं तुमच्या ओठांवरच होतं. मी इकडे तिकडे बघत होते आणि व्हायचं तेच झालं. खाकी कपड्यातला पहारेकरी धावत आला.

"ओ बाई, उठा! खाली कायले बसल्या?"

"देवाले उभ्यानं पाहू का?"

मग त्याला तुमच्या मांडीवरचा डबा दिसला. "याच्यात काय हाये? डबा अंदर आनाले मनाई हाये."

गाण्यापाठोपाठ डब्याची गोष्ट निघाली म्हटल्यावर तुमच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? "ओळखा," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, आता हा आपल्याला चौकीवर नेतो. पण तो थांबला. टोपी मागं सरकवून म्हणाला, "खोबरं-साकर?" तुम्ही मान हलवलीत. "फुटाने? शेंगदान्याचा लाडू?" नाही, नाही. मोठा बाप्या माणूस, पण डोळे मिचकावून पोरासारखा विचार करत होता. त्याच्या बहिणीही भुलाबाई मांडायच्या, तो दाराआड उभा राहून ऐकायचा, म्हणाला. शेवटी म्हणाला, "हारलो, बाई." तुम्ही झाकण काढलंत. उन्हाळ्यात टरबुजाच्या बिया धुऊन, सुकवून, सोलून ठेवायच्या आणि भुलाबाईच्या महिन्यात गुळात वड्या करायच्या, ही तुमची जुनी खोड. त्यानं दोन वड्या भिंतीकडे तोंड करून खाल्ल्या आणि हात झटकून म्हणाला, "बसा जराक. पन काचेले हात नोका लावू."

भाऊ येईपर्यंत तुम्ही बसलात. आत्याबाईंची आज्ञा मोडली ती एवढीच.

परतताना रेल्वेत तुमचं लक्ष दुसरीकडेच होतं. आपल्याच गुडघ्यावर हात ठेवून बघत होत्या, काढत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. घरी आल्यावर तुमच्या ध्यानात आलं की गुडघा आठवतो, लेकरू आठवतं, पण तो हात कसा पडला होता ते सुटलं. मग सगळे शेतात गेले तशी तुम्ही मला ओसरीवर बसवलंत. "तू बस, मी पाह्यतो."

"आत्याबाई आल्या तं?"

"आल्या तं म्हन, पायाले मुंग्या आल्या."

मी बसले. बाई, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. लग्न होऊन आल्यापासून या घरात मी अंग चोरूनच बसत आले होते, पाय आवळून, कोणाची हाक आली तर चटकन उठता येईल अशी. त्या दुपारी तुम्ही माझा गुडघा वर केलात, हात त्यावर सैल टाकलात, आणि मला म्हणालात, "आता हालू नोको." कोणी मला या घरात हलू नको म्हणायची ती पहिलीच वेळ. मला रडू आलं. तुम्हाला वाटलं, मुंग्या आल्या.

पहिल्या भुलाबाईचा गुडघा वाळताना तडकला. दुसऱ्या वर्षी तुम्ही नदीच्या गाळात कापूस कुटून कुटून घातलात, गुडघ्याच्या आत कपाशीच्या पऱ्हाटीची काडी उभी केलीत, आणि मूर्ती सावलीतच वाळवलीत. मग गुडघा टिकला. आपल्या वऱ्हाडातल्या देवीच्या पायात कापसाचंच हाड असायचं, असं म्हणून तुम्ही स्वतःवरच खूष होऊन हसलात.

पण आत्याबाईंनी ती बघितली मात्र! "हे काय वं? देवी हाये का खळ्यावरची पाटलीन? अन् भुलोजी कोठी हायेत?"

"शेतात हायेत. येतीन पुनवेले, न्याले," तुम्ही शांतपणे म्हणालात. आणि खरंच तुम्ही भुलोजी वेगळे केले होते. ते महिनाभर कोनाड्यात असायचे आणि कोजागिरीच्या संध्याकाळीच तिच्या शेजारी यायचे, तिला सासरी न्यायला. पोरींना हे इतकं आवडलं की गावभर झालं. आत्याबाईंना नाही आवडलं. त्यांनी जुन्या खणाची एक चिंधी आणली आणि भुलाबाईच्या गुडघ्यावर पांघरली. संध्याकाळी पोरी यायच्या आधी तुम्ही ती काढून घडी करून बाजूला ठेवलीत. सकाळी आत्याबाईंनी पुन्हा घातली. त्या वर्षी महिनाभर हे चाललं, आणि पुढं दर वर्षी. दोघींपैकी कोणी त्यावर एक शब्द बोललं नाही. मी मधे बसून वाती वळायची आणि हसू दाबायची.

आपला वाद वेगळाच होता, रंगाचा. तुम्हाला ती नागपूरसारखी पांढरी ठेवायची होती, नुसत्या चुन्याची. मी म्हणायचे, सवाष्ण देवीला पांढरं नेसवता का? तुम्ही म्हणायच्या, "ते पांढरं नोयतं वं, दूध होतं." मी म्हणायचे, गावाला दूध नाही दिसणार. दर भादव्यात हा वाद व्हायचा, आणि दर भादव्यात तुम्ही हिरवं लुगडं रंगवायच्या आणि म्हणायच्या, "यंदा तुहं. येत्या साली माहं." ते येतं साल काही आलं नाही.

त्या महिनाभर संध्याकाळी, पोरी निघून गेल्यावर, चूल विझवून आपण दोघी भुलाबाईपुढं बसायचो. आधी तुम्ही गुडघा वर करायच्या, मग मी. उरलेली खिरापत खात कोणाच्या गाईपासून कोणाच्या सुनेपर्यंत सगळं बोलून व्हायचं. बाई, माझं माहेर केनवडला आहे, गाडीनं गेलं तर दूध नासायच्या आत पोचावं इतकं जवळ. तरी त्या महिन्यात मला तिकडची ओढ लागेनाशी झाली. आईनं विचारलं तर मी कामाची सबब सांगायचे. तुम्हाला माहेर नव्हतं, आणि तुम्ही मातीचं केलंत. त्यात मला बसायला जागा दिलीत. आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "काहून, मी सरकारी हापिस हावो का?" म्हणून राहिलं ते.

यंदा घरात भुलाबाई बसणार नाही, असं मी धरूनच चालले होते. वर्ष सुतकी, सण नाही. गेल्या आठवड्यात माझी सुशी गल्लीतल्या पोरींना घेऊन दारात उभी राहिली. कोणी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "यंदा नाई वं." पोरी वळल्या. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला, "कोन म्हनते नाई? सण मोठ्याइचे बंद असतेत. पोरीइची भुलाबाई काहून बंद राहीन?"

"आत्याबाई, करन कोन?"

"तू. दुसरं कोन?"

म्हणून मी दुसऱ्याच दिवशी मातीला हात लावला. पाणी जास्त झालं ते तुम्हाला सांगितलंच. कापूस कुटला, काडीही आठवणीनं घातली. पण तुम्हाला हसू येईल, गुडघ्याशी येऊन मी अडले. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसले ती मी. मला आतून माहीत आहे कुठं ताण सुटतो, कुठं हाताचं वजन पडतं. बाहेरून तो गुडघा कसा दिसतो, हे तुम्ही बघितलं होतं, मी कुठं? तयार मूर्ती बघितली, पण ती करायची म्हणून कधी बघितली नाही. सुशीला बसवलं, ती क्षणभर एका जागी बसेल तर शपथ. तीनदा माती मोडली. आता मांडी घातलेलीच करावी असं मनाशी ठरवून मी तो पाय दाबायला घेतला.

"सरक," आत्याबाई म्हणाल्या.

भिंतीला धरून त्या खाली बसल्या. त्यांना आता उठबस जड जाते, तुम्हाला माहीत आहे. एक पाय दुमडला. दुसरा गुडघा दोन्ही हातांनी धरून उभा केला, लुगडं सारखं केलं, आणि त्यावर हात टाकला. सैल, मनगटातून लोंबता, करंगळी जरा वेगळी. बाई, करंगळी! तुम्ही दर वर्षी ती वेगळी ठेवायच्या, आणि ते माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

मी बघतच राहिले. त्या रागावल्या. "माह्या तोंडाकडे काय पाह्यतं? हाताकडे पाह्य. पुन्हा नाई बसन मी."

मी हाताकडे बघितलं. माती वळत होती आणि डोळ्यातलं पाणी तिच्यात पडत होतं, तुमच्या भाषेत पुन्हा पिठलं. आत्याबाई समोर भिंतीकडे बघत होत्या. तशाच, कोणाशीच न बोलल्यासारख्या, म्हणाल्या, "तिले माहेर नोयतं. मले ठाव होतं ते."

मूर्ती सावलीत वाळली, गुडघा तडकला नाही. लुगडं मी हिरवंच रंगवलं, तुमचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर वाद संपला असता, आणि मला तो संपवायचा नाही. मांडीवरचं लेकरू तेवढं पांढरं ठेवलं आहे, नुसत्या चुन्याचं. आता तुम्ही म्हणाल, हे काय अर्धवट? म्हणा.

आज पुनव. संध्याकाळी मूर्ती मांडली, भुलोजींना कोनाड्यात ठेवलं. पोरी जमल्या आणि आत्याबाई आतून आल्या. हातात तीच खणाची चिंधी. वाटलं, आजच्या दिवस तरी नको. मी काही बोलणार तोच त्यांनी मूर्ती जराशी उचलली, चिंधी झटकून खाली अंथरली, आणि तिच्यावर भुलाबाईला अलगद टेकवलं.

"भुई थंडी राह्यते," त्या म्हणाल्या. "बसू दे तिले."

पोरींनी गाणी म्हटली, बाई. तुमच्या चालीत, वरचा सूर तसाच ओढून. आता डबा माझ्या मांडीवर आहे आणि पोरी ओरडून ओरडून थकल्या आहेत. खोबरं नाही, फुटाणे नाहीत, शेंगदाण्याचा लाडू नाही. सगळ्या हरल्या.

तुम्ही ओळखा.